फाळका रंगवायचाय, पण कुठल्या रंगानं?

रंगाच्या दुकानात गेलं की काउंटरमागचा माणूस विचारतो, "कुठला कलर?" आपण म्हणतो, "पांढरा." तो विचारतो, "सिंथेटिक, एनसी की पीयू?" इथं आपली बोलती बंद होते. मग तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळता वळता म्हणतो, "कशावर मारायचाय?" आणि आपण सांगतो, "गाडीवर."

यातला कामाचा प्रश्न शेवटचा, आणि 'गाडीवर' हे त्याचं उत्तर नाही. उघड्या पत्र्यावर, जुन्या रंगावर, प्लास्टिकच्या बंपरवर की गंजावर? डब्याची निवड यावर ठरते. पांढरा की निळा हे नंतर.

मी हे नुकसान करून शिकलो. आमची पिकअप सेकंडहँड, द्राक्षाच्या बागेत राबणारी. फाळका, म्हणजे माल ठेवायच्या हौद्याचं मागचं उघडणारं दार, आधीच्या मालकानं कधीतरी ब्रशनं रंगवलेला. तो खराब झाला म्हणून मी पांढऱ्या स्प्रेचे दोन डबे आणले, वरवर घासकागद फिरवला आणि मारला. पहिली पाच मिनिटं फाळका नव्यासारखा दिसत होता. दहाव्या मिनिटाला दुधावरच्या सायीला फुंकर मारल्यावर पडतात तशा त्याच्यावर सुरकुत्या पडल्या. बोटानं ओढलं तर नवा आणि जुना दोन्ही रंग एकत्र निघून आले. डबा चांगल्या कंपनीचा होता, मारण्यातही फारशी चूक नव्हती. खाली काय आहे हे मी पाहिलंच नव्हतं.

रंग वाळतो म्हणजे काय होतं

कुठल्याही रंगाच्या डब्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात: रंग देणारी पूड, ती पत्र्याला धरून ठेवणारी राळ, आणि दोन्ही पातळ ठेवणारं थिनर. पूड जवळपास सगळीकडं सारखीच. रंगांची जात ठरते ती राळेवरून, आणि राळ कशी घट्ट होते यावरून. त्याच्या तीन तऱ्हा आहेत आणि तिन्ही आपल्या घरात बघायला मिळतात.

पहिली तऱ्हा साखरेच्या पाण्याची. ताटलीत साखरेचं पाणी ठेवलं तर पाणी उडून जातं, साखर उरते. पुन्हा पाणी घातलं की ती विरघळते. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, रंग असाच. थिनर उडालं की रंग वाळला, आणि वर्षानंतरही थिनरचा बोळा फिरवला तर पुन्हा विरघळला. बाजारातले साधे स्प्रेचे डबे बहुतेक याच वळणाचे. राळ ॲक्रेलिक असते इतकाच फरक. वाळायला वेळ लागत नाही, चुकलं तर घासून पुन्हा मारता येतं. पण डिझेल-पेट्रोलचे थेंब पडत राहिले तर हा रंग मऊ पडतो. टाकीच्या झाकणाभोवती त्याचा उपयोग नाही.

आपले जुने पेंटर याला 'ड्युको' म्हणतात. ते मुळात ड्यूपाँट कंपनीच्या रंगाचं नाव. १९२४ च्या सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सनं ओकलंड गाड्यांना तो निळ्या छटेत मारला. त्याआधी मोटारीवर वॉर्निशचे हात देत आणि वाळवत बसायला आठवडे लागायचे. फोर्डची मॉडेल टी तर १९१४ पासून बरीच वर्षं फक्त काळ्या रंगात निघायची. झटपट वाळणारा रंग आला आणि रस्त्यावर रंगीत गाड्या दिसू लागल्या. शंभर वर्षांपूर्वीचं ते नाव आपल्या गॅरेजमध्ये अजून टिकून आहे.

दुसरी तऱ्हा कढईच्या बाहेरच्या तेलाची. भज्यांच्या कढईवरून ओघळलेलं तेल महिनोन्‌महिने राहिलं की पिवळं, चिवट होतं. मग ते पाण्यानंच काय, तेलानंही सुटत नाही. तेलानं हवेतला प्राणवायू घेतलेला असतो आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतलेले असतात. सिंथेटिक इनॅमल, म्हणजे आपला नेहमीचा 'ऑइल पेंट', याच पद्धतीनं वाळतो. आधी थिनर उडतं, मग हवा खात खात तो आठवडाभर, कधी त्याहून जास्त, आतून घट्ट होत राहतो. वरून कोरडा वाटला तरी आत काम चालू असतं. अशा अर्धवट मुरलेल्या थरावर एनसी थिनर पडलं की खालचा रंग फुगतो, वर उचलला जातो आणि सुरकुत्या पडतात. जुन्या, वाळलेल्या इनॅमललाही तिखट थिनर सोसत नाही. माझ्या फाळक्याचं हेच झालं.

म्हणून गॅरेजमधला साधा नियम: एनसीवर सिंथेटिक चालतं, सिंथेटिकवर एनसी चालत नाही.

तिसरी तऱ्हा एम-सीलची. दोन कांड्या वेगवेगळ्या असतात तोवर मऊ. मळून एकत्र केल्या की दगड. हवा लागो न लागो, ती रासायनिक क्रिया होणारच. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, आणि एपॉक्सी हे असे दोन डब्यांचे रंग. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. गॅरेजमध्ये याला 'टू-के' म्हणतात आणि एका डब्याच्या रंगाला 'वन-के'. पॉलियुरेथेनचा शोध १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. आज गाडीवर टिकाऊ, काचेसारखा रंग हवा असेल तर हाच मारतात. एकदा मुरला की डिझेल, ऊन, पाणी काही फारसं बाधत नाही. हार्डनर मिसळल्यावर मात्र घड्याळ सुरू होतं. काही तासांत उरलेला रंग भांड्यातच गोठतो. प्रमाण डब्यावर छापलेलं असतं, चारास एक किंवा दोनास एक. ते मापानंच घ्यायचं. "थोडं जास्त हार्डनर घातलं तर लवकर वाळेल" हा विचार डोक्यातून काढून टाकावा.

कारखान्यातून आलेला मूळ रंग या तिघांपेक्षा वेगळ्या वाटेनं आलेला असतो. गाडीचा नुसता सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवतात, विजेच्या भारानं तो थर सांदीसांदीत बसवतात आणि दीडशे अंशांच्या वर भाजतात. मग वरचे थर. सगळी जाडी मिळून साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवले तर होईल तितकी. ही गोष्ट आपण अंगणात करू शकत नाही. त्यामुळं मूळ रंग शाबूत असेल तिथं तो खरवडून काढू नये. आपण लावू त्यापेक्षा तो चांगलाच असतो. घासकागदानं त्याला नुसता दाणा पाडावा आणि त्याचाच पाया करावा.

बोळ्याची परीक्षा

खाली काय आहे हे ओळखायला दहा मिनिटं लागतात. जुन्या सुती बनियनचा तुकडा एनसी थिनरमध्ये भिजवायचा आणि फाळक्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात मिनिटभर घासायचा. रंग चटकन कापडावर उतरला तर तो एनसी किंवा साधा स्प्रे. रंग मऊ झाला, फुगला, चुरगळला तर सिंथेटिक. काहीच झालं नाही, फार तर चकाकी थोडी कमी झाली, तर भाजलेला मूळ रंग किंवा पीयू. मग घासून त्याच्यावर जवळपास काहीही मारता येतं. सिंथेटिक निघालं तर दोनच रस्ते: वरूनही सिंथेटिकच मारायचं, नाहीतर सगळं पत्र्यापर्यंत काढायचं. मधला रस्ता शोधायला गेलं की माझ्यासारखं होतं.

पत्रा आणि मोरचूद

द्राक्षवाल्यांना वेगळं सांगायला नको की बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, प्लॅस्टिकच्या पिंपातच करतात. चुना पुरेसा पडला की नाही हे बघायला विळ्याचं पातं बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर मिश्रण अजून आम्ल आहे, आणखी चुना हवा. तो तांबूस थर म्हणजे तांबं. मोरचुदातलं तांबं पात्यावर बसतं आणि तेवढं लोखंड पाण्यात उतरतं. आता हौद्यात मोरचुदाचं पिंप हिंदकळलं, पाणी फाळक्याच्या बिजागरीपाशी साचलं आणि तिथं रंगाचा टवका उडालेला असला, तर हीच विळ्याची परीक्षा आपल्याच पत्र्यावर रोज होत राहते. आमच्या फाळक्याचा खालचा काठ असाच चाळणी झाला होता. मासळीच्या गाड्यांना हेच काम मिठाचं पाणी करतं.

त्यामुळं अशा जागी वरच्या रंगापेक्षा प्रायमरवर पैसे खर्च करावेत. आधी सगळं साध्या पाण्यानं भरपूर धुवायचं. मीठ किंवा मोरचूद पत्र्यावर राहिलं तर रंगाखालून गंज पुन्हा फुटतो. सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशनं आणि ऐंशी नंबरच्या कागदानं काढायचे. खड्ड्यात रुतून बसलेला गंज निघत नसेल तर गंज बदलणारं रसायन मिळतं. ते लावलं की गंज काळा पडतो. पण पापुद्र्यांवर ते ओतून काही होत नाही, आणि भोक पडलं असेल तर वेल्डिंगला पर्याय नाही. भोकात लांबी (पुटी) भरून वर रंग मारणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंतची उधारी.

प्रायमर कुठला? घराच्या ग्रिलला लावतात तो लाल रेड ऑक्साइड स्वस्त असतो, सिंथेटिकखाली चालतो, चासीला आणि हौद्याच्या तळाला ठीक. पण नुसता रेड ऑक्साइड लावून गाडी पावसात फिरवायची नाही. वरचा रंग नसेल तर ओल आत शिरतेच. उघड्या, घासलेल्या पत्र्यासाठी मी एपॉक्सी प्रायमर घेईन. पत्र्याला धरून बसतो, पाणी सहसा आत सोडत नाही आणि ब्रशनंही लावता येतो. उन्हात तो पांढुरका होऊन त्याची पूड सुटते, म्हणून वर दुसरा रंग हवाच. वरचा हात देण्याआधी त्यालाही हलकं घासायचं.

इथं एक खोच आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर सिंथेटिक थेट मारायचं नाही. जस्तावर जो क्षार धरतो तो सिंथेटिकच्या तेलकट राळेशी मिळून साबण तयार करतो. हो, साबणच! मग एक-दोन वर्षांत रंगाचे पापुद्रे सालीसारखे निघतात आणि आपण डब्याला शिव्या देतो. तिथंही मध्ये एपॉक्सी हवा. ॲल्युमिनियमला तोच. प्लॅस्टिकच्या बंपरला मात्र वेगळा, प्लॅस्टिकसाठीचा पारदर्शक प्रायमर लागतो. तो नसेल तर कितीही महागडा रंग मारा, पहिल्या धक्क्यात सुटेल.

मग डबा कुठला घ्यायचा

माझं मत सांगतो. हौदा, फाळका, चासी, मडगार्डचा आतला भाग, म्हणजे जिथं रोज पोती, क्रेट आणि दगड घासणार, तिथं घरच्या घरी सिंथेटिक इनॅमलच बरा. चकाकी वर्ष-दोन वर्षांत मंदावते, उन्हानं त्याची पूड सुटते, हे खरं. पण तो ब्रशनं आणि फोमच्या छोट्या रोलरनं लागतो, आणि टवका उडाला की तेवढाच भाग पुन्हा लावता येतो. राबत्या गाडीला पुन्हा हात देता येईल असा रंग हवा. दहा वर्षं टिकेल असा रंग मारून दुसऱ्या दिवशी त्यावर लोखंडी नांगर ओढत चढवणार असू, तर काय उपयोग? सिंथेटिकचा हात पातळ द्यायचा आणि डब्यावर लिहिलेलं अंतर पाळायचं. जाड थर किंवा अर्धवट वाळलेल्यावर दुसरा हात दिला की सुरकुत्या सिंथेटिकवर सिंथेटिक असूनही पडतात.

केबिनचं दार, बॉनेट, समोर दिसणारा भाग असेल तर पीयू. साधा पांढरा असेल तर एकाच थरात रंग आणि चकाकी दोन्ही मिळतात. चंदेरी किंवा कुठलाही मेटॅलिक असेल तर आधी बेस (नुसता रंग) आणि वर क्लिअर (पारदर्शक चकाकी) असे दोन वेगळे थर लागतात, आणि मेटॅलिकच्या चकत्या सारख्या बसायला हात सरावाचा लागतो. स्प्रे गन थोडी कमी-जास्त झाली की दारावर ढगांसारखे पट्टे उठतात. मेटॅलिक दार घरी रंगवू नये असं मी स्पष्टच म्हणेन. दार उतरवून, घासून, प्रायमर लावून तयार ठेवा आणि वरचा हात डेंटर-पेंटरकडून मारून घ्या. मजुरीचा मोठा भाग तयारीचाच असतो. तो आपण वाचवलेला असतो.

सायलेन्सरला यातलं काहीच टिकत नाही, त्याला उष्णता सोसणारा वेगळा चंदेरी रंग मिळतो.

'पांढरा' मागताना गाडीचा कोड घेऊन जावा. बहुतेक गाड्यांवर तो दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली एका पट्टीवर असतो. पांढरे पाच-दहा प्रकारचे असतात, आणि तुमचा पांढरा उन्हानं आणखी पिवळटलेला असतो. शेड जुळवायची ती दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही, बाहेर उजेडात. किती घ्यायचा याचा हिशोब सोपा आहे. दीड मीटर लांब, अर्धा मीटर उंच फाळका, दोन्ही बाजू मिळून दीड चौरस मीटर, दोन हात म्हणजे तीन. लिटरभर इनॅमल एका हाताला साधारण दहा चौरस मीटर पुरतो. अर्धा लिटर खूप झाला.

छातीचा प्रश्न

पीयू घरी मारू नका असं म्हणण्याचं खरं कारण कौशल्य नाही, हार्डनर आहे. त्यात आयसोसायनेट असतं. हे नाव आपण १९८४ च्या भोपाळमुळं ऐकलेलं. हार्डनरमधलं रसायन ते नव्हे. त्याच कुळातलं, पण जड आणि सहजी न उडणारं. ब्रशनं लावताना धोका कमी, पण गननं किंवा स्प्रेनं त्याचं धुकं झालं की ते थेट छातीत जातं. एकदा शरीर त्याला बिचकलं की पुढं अगदी थोड्या वासानंही दमा उठतो आणि तो आयुष्यभर पाठ सोडत नाही. शिवाय घातक प्रमाणात असूनही त्याचा वास येईलच असं नाही. त्यामुळं मास्कची हवा गाळणारी डबी संपली हे नाकाला कळत नाही. म्हणून मोठ्या वर्कशॉपमध्ये बाहेरून शुद्ध हवा पुरवणारी टोपडी घालतात. बागेत औषध मारताना बांधतो तो रुमाल इथं शून्य कामाचा. तळाशी खटका दाबून हार्डनर मिसळायचे टू-के स्प्रेचे डबेही येतात. डबा हातात मावतो म्हणून आतलं रसायन सौम्य होत नाही.

दुसरी गोष्ट जुन्या रंगाची धूळ. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण नव्वद पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडं २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. गाड्यांचे रंग त्या नियमात येत नाहीत, आणि जुन्या ट्रकांचे पिवळे-नारिंगी रंग शिशाचे असण्याची शक्यता बरीच. तो कोरडा घासून अंगणभर धूळ उडवायची नाही. वॉटर पेपर आणि पाणी वापरावं, पोरांना लांब ठेवावं आणि निघालेला गाळ बागेत सोडू नये.

दिवस बघून काम काढावं

पावसाळ्यात एनसी मारला की थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतलं दव त्यावर धरतं आणि रंग दुधट होतो. पीयूच्या हार्डनरची तर पाण्याशीच क्रिया होते आणि बारीक बुडबुडे उठतात. कोकणात जुलैमध्ये हे काम काढणं म्हणजे डबा पावसात ओतणं. उलट आमच्याकडं मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. तेव्हा रंग पत्र्यावर पसरण्याआधीच वाळतो आणि खरखरीत बसतो. थंडीत सकाळी दव सुकल्यावर, दहा ते दुपारी तीन, ही वेळ उत्तम. शंका असेल तर ओल्या फडक्याचा एक पट्टा पत्र्यावर ओढावा. पंधरा-वीस मिनिटांत तो वाळला नाही तर त्या दिवशी दुसरं काहीतरी काम करावं.

आणि टायरला किंवा डॅशबोर्डला पॉलिश मारलं असेल तर त्यातलं सिलिकॉन हा रंगाचा मोठा शत्रू. बोटभर जरी लागलं तरी रंग तिथून बाजूला सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पॉलिशवालं फडकं रंगाच्या जवळपासही आणू नये.

कागदाचं म्हणाल तर, आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. फाळका त्याच रंगात केला तर प्रश्न नाही. सगळ्या गाडीचा रंग बदलायचा तर आरटीओत नोंद करावी लागते. ऑलिव्ह हिरवा सैन्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे, तो आवडला तरी मारता येत नाही. मागच्या चमकत्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावायला विसरू नका, त्यांच्यावर रंग गेला तर रात्री गाडी दिसायची नाही. आणि फाळका कोरा झालाच आहे म्हणून 'हॉर्न ओके प्लीज' लिहायचा मोह होतो. महाराष्ट्रात २०१५ पासून त्याला बंदी आहे.

आमचा फाळका शेवटी मी पत्र्यापर्यंत काढला, खालचा काठ वेल्डिंग करून घेतला, एपॉक्सीचे दोन हात आणि वर सिंथेटिकचे दोन हात दिले. मग पंधरा दिवस हौद्यात मोरचुदाचं पिंप चढू दिलं नाही. घरचे रोज विचारायचे, "अजून वाळला नाही का?" वाळला होता, मुरला नव्हता. आतल्या कोपऱ्यात बिजागरीशेजारी मार्करनं लिहून ठेवलंय: खाली एपॉक्सी, वर सिंथेटिक, शेड नंबर, महिना. पुढं ही गाडी जो घेईल त्याला बनियन फाडावी लागणार नाही.